उतरणारे

४:१०

मावशीने उजवा पाय पायरीवर टाकला, डावा गुडघा हाताने उचलून वर घेतला आणि बसच्या दारातूनच मोजणीवाल्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा हलला नाही.

तो सकाळपासून मॉलसमोरच्या थांब्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होता. माणूस मोजला की हातातलं यंत्र टक् करायचं. आताही टक् झालं, पण मागच्या दारातून उतरलेल्या बाईसाठी.

"चढताय की उतरताय?" ड्रायव्हर म्हणाला. "आज तिसरी खेप. बस फारच आवडलेली दिसतेय."

"तो मला मोजत नाही."

"चढणारे कशाला मोजेल? नोटीस नाही वाचली?"

नोटीस (कर्मचाऱ्यांच्या दारावर, चार दिवसांपासून; आज शनिवार)

शनिवारी दिवसभरात, संध्याकाळी सहापर्यंत, तीनशे प्रवासी न झाल्यास हा बसथांबा महामार्गावर हलवण्यात येईल.

त्याखाली, बारीक अक्षरांत: बसमधून उतरून मॉलमध्ये येणारे ग्राहकच धरले जातील. कर्मचारी धरले जाणार नाहीत.

वरची ओळ सगळ्यांना पाठ होती. खालची कुणीच वाचली नव्हती. कपडे आल्टर करणारी मावशी, परफ्यूमच्या काउंटरवरची पोरगी, चपलांच्या दुकानातले दोघे, भांडी घासणाऱ्या बायका. बावीस जण दिवसभर आळीपाळीने बसमध्ये चढले होते, हाकेच्या अंतरावरच्या पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले होते.

महामार्ग दीड किलोमीटरवर. फूटपाथ नाही. मावशीचा गुडघा ते रोज चालणार नव्हता. थांबा गेला की तिचं कामही गेलं.

४:३०

"म्हणजे आपण दिवसभर मॉल रिकामा करत होतो?" परफ्यूमवालीने कपाळावर हात मारला.

"आता उलटं करायचं," मावशी म्हणाली. "अलीकडच्या थांब्यावर जायचं आणि बसने इथे उतरायचं."

"कोण जाणार? मॅनेजर आता एकेक काउंटर बघत फिरतोय. कुणालाही सोडणार नाही."

"मला?"

"तुमच्याकडे कोण बघतं, मावशी? तुम्ही जिन्याखाली." पोरीने मावशीच्या कुर्त्यावरचं ओळखपत्र काढून स्वतःच्या खिशात टाकलं. "आणि उतरताना घाई करू नका. ग्राहकांना घाई नसते."

चौसष्ट पायऱ्या

अलीकडचा थांबा रस्त्यापलीकडे, पादचारी पुलावरून.

बाराव्या पायरीवर थांबली.

तिसाव्या पायरीवर बसली. खालून ५:१० ची बस गेली.

वर पोचली. कठडा धरून चालली. उतरायच्या पायऱ्या तिने मोजल्या नाहीत. निम्म्यावर होती तेव्हा ५:३० ची थांब्यावर आली. तिने हात केला. बस गेली.

५:५०

सहाच्या आतली ही शेवटची बस. मावशी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहिली. बसली असती तर उठायला वेळ लागला असता. मॉल आला. तिच्या पुढे एक जोडपं होतं, नवऱ्याच्या खांद्यावर बाळ झोपलेलं.

नवरा उतरला. टक्. बायको उतरली. टक्. मोजणीवाला क्षणभर बाळाकडे बघत राहिला. टक्.

यंत्रावर २९९.

मावशी सावकाश उतरली. पाय जमिनीला टेकले. काहीच वाजलं नाही.

मोजणीवाला तिच्या गळ्याकडे बघत होता. तिने त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि तिच्या हाताला मापाची टेप लागली. रोज सकाळी गळ्यात घालायची आणि घरी गेल्यावर काढायची ती टेप. तिने ती काढून मुठीत गुंडाळली. उशीर झाला होता.

"मॉलमध्ये काय घ्यायचंय?" त्याने विचारलं.

"घ्यायचं नाही. पँट आखूड करायचीय. यजमानांची."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं; पँट कुठेच नव्हती. मागे बसचं दार बंद झालं.

"आत चांगलं करतं कुणी?"

"करते एक. जिन्याखाली बसते."

"माझीही एक पडून आहे." तो खुर्चीतून उठला, खुर्ची मिटवायला वाकला, मग तसाच थांबला. "उद्या आणली, तर असेल का ती?"

मावशीने त्याच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

"ते तुम्ही सांगा."