गोठ्यातल्या तीन दिवसांचा वाडगा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, वाडगा आहे, मित्रांनो. पोचे पडलेला, काठ मुडपलेला. परभणीच्या बाजारात चकाकत होतो, तेव्हा वाटले होते की चुलीजवळ मानाने बसेन. पण झरी गावच्या बायनाबाईंनी मला गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवले. त्यांची सून धुरपताबाई पाळी आली की तीन दिवस गोठ्यात बसे. तेवढ्यापुरता मी. वरून पाणी ओतायचे, पण मला शिवायचे नाही.

लोकांना ती शिक्षा वाटे. पण त्या तीन दिवसांत तिला जाते नव्हते, चूल नव्हती, घागर नव्हती. मला मांडीशी घेऊन ती हळूच गाई,

तीन दिसाचं माहेर, बाई गोठ्याच्या गावाला
नको धाडाया सांगावा, दूर देशीच्या भावाला

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि तिची पाळीच थांबली. वय झाले होते. तिने कुणाला सांगितले नाही. महिन्याच्या महिन्याला 'कावळा शिवला' म्हणत ती गोठ्यात येतच राहिली. भर थंडीत अंगातून वाफा निघत, पदर भिजे. मग ती मला गालाला लावी. मी गार होतो, एवढेच माझे पुण्य.

पण एक गोष्ट ती विसरली, आणि बायनाबाईंनी ती नेमकी हेरली.

"धुरपते, चार महिने झाले, कुपाटीवर एक चिंधी वाळायली न्हाई. कावळा तुला शिवतोय, का तूच कावळ्याला शिवायलीस?"

"आत्याबाई, लय गळाल्यावानी होतंय. तीनच दिवस बसू द्या."

"आता कसलं बसणं? सुटलीस की! ऊठ, दळण पडलंय."

सुटली म्हणे! महिन्याचे तीसही दिवस जात्याचे झाले. मला पाणी भरून अंगणात कोंबड्यांपुढे मांडले.

एका दुपारी घागर आणताना तशीच वाफ आली. धुरपताबाई अंगणात मटकन बसली. सवयीने हात माझ्याकडे आला. दारातून बायनाबाई ओरडल्या,

"शिवू नको! विटाळाचा वाडगा हाय त्यो. चांगल्या अंगानं बाटतीस का?"

हात मागे गेला.

मित्रांनो, मला घासू नका, मी कोंबड्यांना पुरे. पण तुमच्या घरातली बाई कामातून घामाघूम होऊन खाली बसली, तर आधी तिला पाणी द्या. कारण नंतर विचारा. आणि तिला जरा बसू द्या.

धुरपताबाईला कुणी बसू दिले नाही. घागर उचलून ती आत गेली.

मी काठोकाठ भरलेला होतो. गार होतो.