मिठाच्या पाण्यातला तुकडा

सुई टोचली एवढं शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला कळलं. पुढचं सगळं जाड पडद्याआडून ऐकू यावं तसं येत राहिलं. डाव्या स्तनातली ही गाठ दोनदा गळू समजून फोडली होती. दोन्ही वेळा पू गेला, पण जखम काही मिटेना. आता डॉक्टरीणबाईंना कॅन्सरची शंका होती. तसं निघालं तर स्तन काढावा लागणार होता.

गाठीतून काढलेले बारीक तुकडे नर्सने फॉर्मालिनच्या बाटलीत सोडायला घेतले.

"थांब गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळे त्यात नको. एक मिठाच्या पाण्यात ठेव."

"का हो?" ती गुंगीतच बोलली.

"फॉर्मालिनमध्ये सगळं मरतं. आत क्षयाचे जंतू असले, तर जिवंत सापडलेले बरे."

"पण मला तर खोकलासुद्धा नाही."

"नुसतं घोरणं," तिला बाहेर न्यायला आलेली थोरली बहीण म्हणाली.

पुढचे दिवस त्या दोन बाटल्यांतून तरंगत गेले. मशीनवर बसलं की समोर पाणी हलायचं. एका बाटलीत तुकडा निपचित पडलेला, दुसरीत कुणीतरी हळूच कूस बदलतंय. आपल्यातलंच, पण आपलं नसलेलं. स्वतःसाठी नवा ब्लाउज शिवताना तिने उजवी बाजू मशीनवर मारली. डावीला नुसता कच्चा टाका घातला.

"हे अर्धवट काय ठेवलंस?" बहिणीने विचारलं.

"माप बदललं तर उसवायला सोपं."

बहीण उगाचच कात्री जागेवर ठेवू लागली.

निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेनने एक गोल काढला. "मध्ये मेलेला, भुसभुशीत भाग आणि भोवती पेशींचं कडं. कॅन्सर नाही. आणि मिठाच्या पाण्यातल्या तुकड्यात क्षयाचे जंतू सापडले."

"सापडले," ती पुटपुटली, हरवलेलं बटण मिळावं तशी. "मग काढायचं..?"

"काही काढायचं नाही. सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही."

"क्षय झाला म्हणून हसणारी तूच एक," बहीण जिन्यात म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

घरी येऊन तिने ब्लाउजची डावी बाजू मशीनच्या सुईखाली धरली. पक्की शिवण सावकाश पुढे सरकली. मग तिने कच्चा दोरा धरून ओढला. तो न तुटता, लांबच लांब निघत आला.