तेलाचा तिसरा हात

आमच्या बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. बागेतले बाक, गच्चीवरची टेबलं, हॉटेलाबाहेरच्या लांबलचक बैठका, सगळं सागवानी, सगळं पावसात उभं राहणारं. आमच्या स्वतःच्या अंगणात बसायला काय होतं? एक पालथी बादली. आई सव्वीस वर्षं म्हणत होती, "अहो, माझ्यासाठी एक खुर्ची कराल का?" आणि बाबा सव्वीस वर्षं म्हणत होते, "करू की. चांगलं लाकूड तर हाताला लागू दे."

मग आईच्या मणक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला आणि बाबांना जिन्यात थांबवून सांगितलं, दोन महिने धरा, त्याच्यापुढे काही धरू नका. घरी न्या, तिला हवं ते करा.

घरी आल्यावर तिला हवं होतं ते एकच. "मला बाहेर बसायचंय." तिच्या पलंगाशेजारी खिडकी होती, पण त्या खिडकीतून शेजारच्यांची भिंत सोडून काही दिसत नाही. मी म्हटलं, अंगणात गादी टाकते. तर म्हणाली, "आडवं पडून आभाळ बघायला मी मेलेय का अजून? मला बसायचंय. माणसासारखं, टेकून."

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिच्या सेवेला आमच्याकडेच राहायला आली होती. तिने त्याच दिवशी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आई तीत पाच मिनिटंही टिकली नाही, कळ थेट मानेपर्यंत गेली. तिला मागे कललेली पाठ हवी होती, रुंद हात हवे होते, पायाखाली तिरकी फळी हवी होती. अशी खुर्ची करणारा माणूस घरात होता आणि ते लाकूड घासूनपुसून त्याला तेल लावणारी मीही घरात होते. आमचा कारखाना अंगणाच्या पलीकडे, वीस पावलांवर. म्हणून तर माझा इतका जळफळाट होतो.

बाबांनी त्याच संध्याकाळी तिचं माप घेतलं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कमरेची रुंदी, कोपर कुठे टेकतं, मान कुठे येते. आई त्या वेळी चांगली भरलेली होती. टेप कमरेवर आला तशी म्हणाली, "खरा आकडा मोठ्याने बोलू नका." बाबा हसले. पेन्सिल कानावर खोचून म्हणाले, "अशी करतो, की पंचवीस वर्षं हलणार नाही."

पंचवीस वर्षं. मी तिथे उभी होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात असंच बोलतात.

बाबांचं लाकडाचं वेड तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. बाहेर राहणाऱ्या वस्तूला ऊन छळतं, पाणी छळतं, बुरशी आणि वाळवी टपून बसलेली असते, त्यामुळे लाकूड निवडतानाच अर्धं काम होतं असं ते मानतात. सालीजवळचा पांढरा भाग त्यांना चालत नाही, तो आधी कुजतो. गाठ चालत नाही. आणि ओलं लाकूड तर मुळीच नाही. फळी गालाला लावून बघतात. गार लागली, की आत ओल आहे. त्यांचा हिशेब ठरलेला, एक इंच जाडीला एक वर्ष सावलीत. घाईच्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजतात आणि दारापर्यंत सोडून येतात.

आईसाठी त्यांनी चार वखारी पालथ्या घातल्या. रोज सकाळी जायचे, दुपारी हात हलवत परत यायचे. एकीकडे रेषा सरळ नव्हत्या, दुसरीकडे पांढरा भाग जास्त होता, तिसरीकडे फळी गालाला गार लागली. अकरा दिवस. अकराव्या दिवशी आठ फळ्या मिळाल्या, मधासारख्या रंगाच्या, हात फिरवत बसावं अशा. ओल मोजायचं यंत्र लावलं तर आकडा आला एकोणीस. बाबांना बारा हवा होता. त्यांनी फळ्यांमध्ये बारीक काठ्या घालून ढीग रचला, दोन्ही बाजूंनी पंखे लावले आणि रोज सकाळी यंत्र लावून बघायला लागले.

"सतरा," ते सांगायचे. दोन दिवसांनी "सोळा".

आईला हे सगळं आतून ऐकू येत होतं. ती थट्टा करायची. "ह्यांनी मला लग्नाचं विचारायलाही दोन वर्षं लावली. मला वाटतं, मला वाळत ठेवलं होतं." आम्ही हसायचो. तेव्हा ती अजून उशीला टेकून बसू शकत होती. मग एक दिवस तिला बसवलं आणि ती कलंडली. त्या दिवसापासून थट्टा कमी झाली आणि "झाली का?" सुरू झालं.

चोविसाव्या दिवशी मावशी भडकली. हातातलं औषधाचं ताट तसंच घेऊन ती कारखान्यात आली.

"भावोजी, कधी करणार आहात?"

"चौदावर आलंय. अजून आठवडाभर. आत्ता केली तर सांधे सैल पडतील."

"कधी पडतील?"

"वर्षभरात."

"वर्षभरात!" मावशीचा आवाज फाटला. "भावोजी, वर्षभर आहे कोण इथे?"

बाबांनी यंत्र पुसलं, खिशात ठेवलं, परत काढलं. मग एकदम त्या फळ्यांवर दोन्ही हात टेकून ते रडायला लागले. माझ्या बाबांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं आणि मला दया आली असं म्हणायला हवं, पण मला रागच आला. मनात आलं, चोवीस दिवस खाऊन बसलात आणि आता रडताय? डॉक्टरांनी सांगितलेलं यांनी ऐकलंच नव्हतं. खुर्ची पंचवीस वर्षांची झाली, की बसणारीही पंचवीस वर्षं राहील, असं काहीतरी वेड यांनी डोक्यात घेतलं होतं. मी हे त्यांना तोंडावर ऐकवलं. म्हटलं, "तुम्ही लाकूड वाळवताय आणि आई वाळत चाललीय." हे मी माझ्या बापाला म्हणाले. शब्द परत घेता येत नाहीत.

त्याच तासाला त्यांनी रंधा हातात घेतला. नऊ दिवस ते जेमतेम जेवले. बसायच्या पट्ट्यांमध्ये पाणी निथळायला बोटभर फट, प्रत्येक कड गोल, स्क्रू पितळेचे म्हणजे गंज चढायला नको. पाठीचा कल ठरवायला ते स्वतः डोळे मिटून बसून बघत आणि उठून पुन्हा तासत. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी ती कोरी खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "घे. आता तुझं काम."

माझं काम म्हणजे तेल. आणि आता मी जे सांगणार आहे, ते मी मावशीलाही नीट सांगितलेलं नाही.

बाहेरच्या लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन हात लागतात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. दुसऱ्याने रंग उठतो. तिसरा पाणी अडवतो. प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसायचं, मग दीड-दोन दिवस वाळू द्यायचं, बारीक कागदाने घासायचं आणि पुढचा हात. पायांचे तळ तेलात बुडवून ठेवायचे, कारण लाकूड टोकाकडूनच पाणी ओढतं. हे सगळं मी केलं. त्या दिवसांत हवा ढगाळ होती, तेल सुकता सुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "झाली का?"

"झालीच गं. फक्त तेल वाळायचंय."

चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "वर चादर घालू आणि बसवू तिला. दोन हात झालेत ना?"

"अगं, चिकट आहे अजून. चादरीचे धागे चिकटतील, डाग पडेल. एवढ्या सुंदर लाकडाची वाट लागेल. तिसरा हात होऊ दे, परवा बसवू."

मी म्हणाले हे. बापावर तोंड टाकणारी मी. बाबा दारात उभे राहून ऐकत होते आणि त्यांनी मान डोलावली, आपली पोरगी कामात चोख निघाली म्हणून. मला त्या मान डोलावण्याचा अभिमान वाटला. आज ते आठवलं, की जीव नकोसा होतो.

सहाव्या दिवशी सकाळी मी तिसरा हात मारला. अजून फडकं हातात होतं, तेवढ्यात रोज येणारी नर्स बाहेर आली. तिने चप्पल घातली नव्हती. म्हणाली, "ताई, पाय गार पडलेत. आता तासांचा हिशेब धरा, दिवसांचा नको."

मी खुर्चीकडे बघितलं. ती ओली, चकाकत उभी होती.

मग मी काय काय केलं! घरातली सगळी फडकी घेऊन तेल पुसायला लागले. पुसावं तेवढं आतून वर येत होतं. पंखा आणला, केस वाळवायचा ड्रायर आणला, एका हाताने ड्रायर आणि दुसऱ्या हाताने फडकं. बसायची जागा जरा सुकली असं वाटून तळहात टेकवला, तर तो चिकटून आला. मी तोंडाने फुंकर घालायला लागले. एवढी मोठी बाई मी, अंगणात गुडघे टेकून खुर्चीवर फुंकर घालत होते आणि शिव्या देत होते, खुर्चीला, ढगांना, स्वतःला. बाबांनी येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आणू या तिला."

चादरीची चार टोकं चौघांनी धरली. बाबा, मी, मावशी आणि नर्स. तीन पायऱ्या उतरायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. आईचं वजन असं राहिलंच नव्हतं, तरी आम्ही चौघं धापा टाकत होतो. चादर तशीच खुर्चीवर टेकवली आणि आई ओरडली. इतके दिवस ती कण्हायची, ओरडली नव्हती. अंगावर मांस उरलं नव्हतं आणि पट्ट्यांमधल्या फटी थेट हाडांना लागत होत्या. मावशीने उशा आणल्या, खाली घातल्या, तर आई एका बाजूला घसरली. सगळी मापं बरोबर होती, फक्त ती चाळीस दिवसांपूर्वीच्या बाईची होती. खुर्चीच्या दोन हातांमध्ये आणखी एक आई मावली असती.

"आत न्या," आई रडत म्हणाली. "नको मला. आत न्या."

"उचला तिला," बाबा म्हणाले. "जरा वर धरा."

आम्ही चादर उचलून धरली. बाबांनी उशा काढून फेकल्या आणि ते स्वतः खुर्चीत बसले, त्या ओल्या तेलात, अंगातल्या कपड्यांनिशी. पाठ टेकली, पाय तिरक्या फळीवर घेतले आणि हात पुढे केले. "द्या इकडे."

आम्ही आईला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिची पाठ स्वतःच्या छातीला टेकवली, तिची मान खांद्यावर घेतली, तिचे पाय आपल्या पायांवर ठेवले. मग दोन्ही हातांनी तिला कमरेशी धरलं. आईचं कण्हणं हळूहळू थांबलं. चारचौघांत त्यांनी तिला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

"अहो," ती म्हणाली, "पोरगी बघतेय."

"बघू दे."

तिने मान जरा फिरवली. आमच्या अंगणातून दिसतं ते काय, शेजारच्या दोरीवरचे कपडे, दोन वायरी आणि पलीकडच्या गच्चीवरची निळी टाकी. ती बराच वेळ त्या टाकीकडे बघत होती.

"ती टाकी कधी बसवली?"

"झाली की आठ-दहा वर्षं."

"मला माहीतच नव्हतं," आई म्हणाली. आणि मग, "छान वाटतंय हो."

बाबांचा चेहरा तिच्या केसांमागे होता, मला दिसला नाही. त्यांचे खांदे हलत होते आणि ते तसे हलू नयेत म्हणून ते अंग आवळून बसले होते, कारण ते हलले की तिला दुखायचं.

अर्ध्या तासाने वारा सुटला. आईचे ओठ निळे व्हायला लागले, अंग थरथरायला लागलं. मी दोन पांघरुणं घातली, तरी थरथर थांबेना. नर्सने माझ्याकडे बघितलं.

"आई, आत जाऊ या आता."

"आणखी थोडं," ती म्हणाली. "आत्ताच तर बसलेय."

"गारठलीयेस गं."

"थोडंच. ते कपडे काढून नेईपर्यंत."

आम्ही थांबलो. कपडे कुणी काढायला आलं नाही आणि तिचे दात वाजायला लागले. मग नर्सने चादरीचं टोक धरलं आणि आम्हाला बाकीची तीन धरावी लागली. उचलताना आईने बाबांची बाही मुठीत धरली होती. ती मूठ मी सोडवली, एकेक बोट करून. ती "थोडंच, थोडंच" म्हणत होती आणि मी, जिने सहा दिवस "परवा" म्हटलं होतं, तिला आत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्या मधल्या वेळात ती शुद्धीवर होती, पण तिने एकदाही बाहेर न्या असं म्हटलं नाही. मी उशाशी बसून वाट बघत होते, की ती म्हणेल. म्हणाली असती तर भर पावसातही नेलं असतं.