अकरावं मेंढरू

मी एक जुना फलक आहे, पण खडूचा नव्हे. माझ्यावर कधी कुणी एक अक्षरही लिहिलं नाही. मी फ्लॅनेलचा. लाकडी चौकट, तिच्यात पातळ फळी आणि फळीवर ताणून बसवलेलं निळसर राखी कापड, एवढाच माझा देह. पण मित्रांनो, त्या कापडाला लव होती. चित्राच्या पाठीला तसंच लवेचं कापड लावलं, की ते टाचणीशिवाय, गोंदाशिवाय माझ्या अंगाला चिकटून बसे. हात काढून घेतला तरी मेंढरू पडत नाही, हे बघून चर्चच्या रविवारच्या शाळेतली मुलं तोंडाचा आ करत.

मला घडवलं मंडळीतल्या शिंपीकाकांनी. कापड ताणताना त्यांनी दातांत खिळे धरले होते आणि तशाच तोंडाने ते गाणं म्हणत होते. एक खिळा त्यांच्या पायावर पडला, गाणं थांबलं, आणि चर्चच्या हॉलमध्ये शोभणार नाही असा एक शब्द मी जन्मतःच ऐकला. माझ्यावर लावायची चित्रं पहिल्या पाळकसाहेबांच्या पत्नीने काढली होती. आजारी होत्या, अंथरुणावर बसून काढली. मेंढपाळ, लांडगा, वादळातली होडी, चार देवदूत. मेंढरं शंभर करायची होती. अकरा झाली आणि बाई गेल्या. म्हणून हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून निघतो, तो येशूचा शंभर मेंढरांचा दाखला सांगताना आत्या दरवेळी म्हणायच्या, “बाकीची डोंगरापलीकडे चरताहेत.”

आत्या म्हणजे रविवारच्या शाळेच्या बाई. त्यांची सख्खी भाची वर्गात पहिल्या रांगेत बसायची, म्हणून अख्खा वर्ग त्यांना आत्याच म्हणे. ही भाची आठ वर्षांची होती. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. दर वाक्याला “का?” विचारायची, म्हणून तिला सगळे कावळी म्हणत. वादळ का आलं? लांडग्याला कुणी शोधायला का जात नाही? आत्यांचं अर्धं आयुष्य तिला गप्प करण्यात गेलं.

आणि माझी खरी काळजी घेणारी होती किल्लीमावशी. हॉलच्या मागच्या खोलीत राहायची, हॉल झाडायची, बाकं पुसायची, कपाटं उघडायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दर शनिवारी ती मला उन्हात टेकवून कपड्यांच्या ब्रशने झाडायची, खालून वर, खालून वर. वरून खाली ब्रश फिरवला की लव झोपते, आणि झोपलेल्या लवेवर काही टिकत नाही. हे तिने कावळीलाही शिकवलं होतं. दोघींचं चांगलं जमायचं. किल्लीमावशी तिच्या “का?”ला कंटाळायची नाही. उत्तर नसलं तर सरळ सांगायची की मला ठाऊक नाही, देवाला विचार, आणि त्याने सांगितलं की मलाही सांग.

आता घडलं ते ऐका. दाखला सांगताना आत्या एक मेंढरू माझ्या चौकटीमागे सरकवायच्या. मेंढपाळ माझ्यावरून इकडे तिकडे दोन फेऱ्या मारायचा आणि मेंढरू सापडायचं. एका रविवारी कावळीने हात वर केला. म्हणाली, आत्या, ते हरवलंच नव्हतं, तुम्ही लपवलंत. मग तो शोधायला गेला असं कसं म्हणायचं? आत्यांनी तिला वर्ग सुटेपर्यंत दाराशी उभं केलं.

वर्ग सुटल्यावर मुलं चित्रं गोळा करत असताना मी पाहिलं. कावळीने अकरावं मेंढरू उचललं आणि फ्रॉकच्या खिशात घातलं. चोरी म्हणून नव्हे. ते खरोखर हरवलं तर कोण शोधायला निघतं, हे तिला बघायचं होतं. आठवड्याने ती परत ठेवणार होती. इतका साधा बेत.

पण आठवडा उलटायच्या आत कमिटी बसली, माझ्यासमोरच. पाळकीणबाईंच्या हातचं मेंढरू गेलं, ही मंडळीची ठेव, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे होत्या? किल्लीमावशीने झाडताना केरात टाकलं असणार, असं ठरलं. तिने सांगितलं की मी केर पाहून टाकते. कुणी ऐकलं नाही. मित्रांनो, मी फलक आहे, मला कुणाची भीडभाड नाही, म्हणून सांगून टाकतो. मेंढरू हे निमित्त होतं. चिटणीसांच्या साडूला ती मागची खोली हवी होती. प्रार्थना करून सभा सुरू झाली, प्रार्थना करूनच संपली, आणि मधल्या वेळात एका बाईचं घर गेलं.

पुढच्या रविवारी आत्यांनी वर्गाला विचारलं, “कुणी घेतलंय का मेंढरू? खरं सांगा.” किल्लीमावशी दाराशी उभी होती, जुडगा हातात घेऊन. कावळीचा हात खिशात होता. तो खिशातच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा तिने काहीही विचारलं नाही.

किल्लीमावशीने जुडगा टेबलावर ठेवला आणि ती गेली. त्यानंतर ती उपासनेला आली नाही. पहिल्या रविवारी दोघातिघांनी विचारलं, दिसली नाही हो. दुसऱ्या रविवारी एकाने विचारलं. तिसऱ्या रविवारी आत्यांनी वर्गात तोच दाखला सांगितला, दहा मेंढरांवर. एक हरवलं तर मेंढपाळ सगळी सोडून निघतो, हे मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. समोर पंचवीस मुलं, मागे आठ मोठी माणसं. मंडळीतून एक माणूस गेलं आहे हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकीच्या आलं असेल. ती दाराकडे बघत होती.

पुढची वर्षं लवकर सांगतो. ब्रश मारणारं कुणी उरलं नाही. लव झोपली. देवदूत गळून पडू लागले, मेंढपाळाला टाचण्या टोचल्या. भिंतीवर चित्रं दाखवणारं यंत्र आलं आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथे माझ्या बाजूला फुटकी घागर आणि तुटका पंखा. उजवा कोपरा उंदरांनी कुरतडला. किल्लीमावशी गेल्यानंतरच्या अडतीस वर्षांतली बहुतेक मी तिथे काढली.

मग एके दिवशी मला बाहेर ओढलं. हॉलमध्ये कार्यक्रम होता. मंडळीची मुलगी मोठी लेखिका झाली होती, तीन जाडजूड कादंबऱ्या, दूरदूरचे वाचक, आणि ती आपल्या लेखनाविषयी बोलणार होती. व्यासपीठावर शोभेला काहीतरी जुनं हवं, म्हणून मी. ओल्या फडक्याने वरून खाली पुसून उभा केला मला. वरून खाली!

लेखिका आली. केस अकाली पांढरे, चष्मा जाड, पण मी ओळखली. कावळी! तिने मला अजून पाहिलं नव्हतं. प्रश्न विचारायला आताचे चिटणीस बसले होते. हे त्या साडूचे चिरंजीव. मागच्या खोलीतच लहानाचे मोठे झाले.

त्यांनी आधी तिच्या कादंबरीतलं एक पान वाचलं. तिच्या कादंबरीतलं राज्य कापडाचं होतं. तिथे आभाळ निळसर राखी. तिथली माणसं जमिनीला लवेने धरलेली, आणि ज्याच्यावरून कुणी मायेने हात फिरवत नाही तो हळूहळू सुटून कडेवरून खाली पडतो. त्या राज्यात एक दारवाली हिंडते. तिच्या किल्ल्या हरवल्या आहेत. ती प्रत्येक दार ठोठावते आणि आतून आवाज येतो, आम्ही प्रार्थनेला बसलो आहोत. लोक म्हणतात, काय ही कल्पनाशक्ती! कल्पनाशक्ती कसली, माझं अंग आहे ते.

चिटणीसांनी विचारलं की देवावर विश्वास असलेल्या बाईने राक्षस आणि मंतरलेली दारं कशाला लिहावीत? ती शांतपणे म्हणाली की भीती खरी असते, तिला फक्त शिंगं लावून दिली की मुलं तिच्याशी बोलू शकतात. देवाचं नाव पुस्तकात कुठेच का नाही, असं कुणीतरी विचारलं. तिने सांगितलं की लहानपणी त्याचं नाव फार ऐकलं, म्हणून आता त्याला काम करताना दाखवायचा प्रयत्न करते. पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते, आधी नकाशा काढते, शेवट कधीच ठाऊक नसतो. लोक माना डोलवत होते.

मग चिटणीस म्हणाले, “ही दारवाली कुठून सुचली तुम्हाला?”

हा प्रश्न तिला सगळीकडे विचारत असणार, कारण उत्तर तयार होतं. “ती म्हणजे प्रतीक आहे,” असं म्हणत ती पाणी घ्यायला वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर दहा मेंढरं टाचलेली. ती बघतच राहिली. हॉल खोकला, खुर्च्या करकरल्या.

“प्रतीक नाही,” ती म्हणाली. “ती बाई होती. या हॉलच्या मागे राहायची. मेंढरू मी चोरलं होतं. तिला घालवलं आणि मी गप्प बसले.”

तिने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं अकरावं मेंढरू बाहेर काढलं, कडेने झिजलेलं, पोटाला शाईचा डाग. ती माझ्याजवळ आली आणि तिने ते माझ्या अंगावर ठेवलं. ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मी जिवाच्या आकांताने धरायला बघत होतो, मित्रांनो, पण धरायला माझ्यापाशी लव कुठे होती?

आणि लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. रडून टाळ्या वाजवल्या. चिटणीस हसून म्हणाले की लहानपणीची गंमत केवढी मोठी साहित्यकृती देऊन गेली, आता चहा घेऊ या. तिने ध्वनिक्षेपक सोडला नाही. विचारलं, “ती कुठे आहे? कुणाला माहीत आहे?”

चाळीस जण चहाच्या टेबलाकडे बघू लागले. शेवटी मागून शिंपीकाका काठी टेकत उभे राहिले. नव्वदीला आलेले. म्हणाले, “लॉन्ड्रीच्या मागची गल्ली. लोखंडी जिना. दुसरं दार. मी तिचे झंपर शिवत होतो, हात थरथरायला लागेपर्यंत. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.” एवढं बोलून ते मटकन खाली बसले. हॉलपासून ती गल्ली चालत वीस मिनिटांवर होती.

लोक चहाकडे वळले. ती मला काखोटीला मारून निघाली. एकटीच.

लोखंडी जिना चढताना तिचा श्वास मला ऐकू येत होता. दार उघडंच होतं. आत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेली मोजे-टोपी. किल्लीमावशी वाकली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. तिने आधी मला ओळखलं. बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

“कुणी पुसला हा? वरून खाली पुसलाय.”

मग उठली, कोनाड्यातून ब्रश काढला आणि मला खाटेला टेकवून झाडू लागली. खालून वर, खालून वर. धुळीने दोघी शिंकल्या. कावळी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, पुस्तकातल्या दारवालीसकट. मेंढरू पुढे केलं. किल्लीमावशीने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“तुझा खिसा फुगलेला मी पाहिला होता.”

कावळीच्या तोंडून एकच शब्द आला, तिचा जुना. “का? का नाही बोललात?”

“आठ वर्षांची होतीस. म्हटलं, आपणहून बोलेल पोर. म्हणून जुडगा हातात धरून दारात उभी राहिले.” तिने ब्रश झटकला. “माझं घर गेलं ते तुझ्यामुळे नाही, त्यांना खोलीच हवी होती. पण मी चोरटी नाही एवढं तू सांगू शकली असतीस, कावळे. कुणी आलंही नाही. पहिले सहा महिने जिन्यावर पाय वाजला की मी चहाचं आधण ठेवायची.”

कावळीने माफी मागितली. किल्लीमावशी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. विचारलं, पुस्तकात मला दार उघडतं का? कावळीने मान हलवली. तिन्ही भागांत नाही. “मग पुढचं लिही,” म्हातारी म्हणाली, “पण त्या हॉलचं दार नको. तिथे मी येणार नाही.”

तिने मेंढरू माझ्यावर ठेवलं. क्षणभर टिकलं. मग कोपरा सुटला, आणि तिने तिथे अंगठा दाबून धरला. निघताना मात्र ते परत दिलं नाही. म्हणाली, फलक ने, इथे ठेवायला जागा नाही. हे राहू दे माझ्याकडे.

तर मित्रांनो, मी पुन्हा हॉलमध्ये आहे. रविवारची शाळा आता कावळी घेते. शनिवारी मला उन्हात टेकवते, खालून वर झाडते. माझी थोडी लव उठली आहे, दहा मेंढरं टाचणीशिवाय उभी राहतात. अकराव्याची जागा रिकामी असते. मुलं विचारतात, ते कुठे गेलं? ती गोष्ट तिथेच थांबवते आणि पत्ता सांगते. लॉन्ड्रीच्या मागची गल्ली, लोखंडी जिना, दुसरं दार.

आतापर्यंत दोन मुली जाऊन आल्या. मोठ्यांपैकी कुणीही नाही.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जिन्याखाली टाकू नका, आणि आमच्यावर ब्रश फिरवाल तर खालून वर फिरवा. आणि तुमच्यातलं एखादं माणूस दिसेनासं झालं, तर त्याची गोष्ट सांगत बसू नका. पत्ता विचारा, आणि जिना चढा.