पिवळ्या रुमालाची पाळी

नोमिन आपल्यावर नजर ठेवायलाच आली आहे, याबद्दल टेसाच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. चर्चच्या प्रचाराला जोडीजोडीने धाडलेल्या मुलींनी जोडीदारणीला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा मिशनचा नियमच. पण म्हणून टेसा दात घासत असतानाही उलानबातरची ही पोर दाराशी उभी! शिवाय मिशनप्रमुखांच्या पत्नी, सिस्टर बर्डेट, यांच्याशी तिची कुजबुज चालायची आणि टेसा जवळ गेली की दोघी चिडीचूप.

टेसाच्या धास्तीला कारण होतं. लोकांना देवाबद्दल सांगत ती गावभर फिरायची आणि हिवाळ्यापासून स्वतःला मात्र त्याच्याबद्दल काही म्हणजे काही वाटत नव्हतं. हे मिशनप्रमुखांना कळलं असतं तर तिला मुदतीआधीच घरी धाडलं असतं आणि आयडाहोत आईला चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय राहिली नसती. टेसाच्या होल्मग्रेन घराण्यातलं कुणीही मिशन अर्धवट टाकून परतलं नव्हतं.

सोमवारी, कपडे धुण्यासारख्या कामांसाठी मिळणाऱ्या सुट्टीला, मिशनमधल्या सगळ्याजणी एन्साइन पीकवर निघाल्या. बैलगाड्यांतून आलेल्या चर्चच्या पहिल्या मंडळींनी याच टेकडीवरून आपलं शहर कुठे वसवायचं ते ठरवलं आणि म्हणे एक पिवळा रुमालही फडकवला. टेसाचे खापरपणजोबा त्यांच्यामागच्या गाड्यांत होते, हे सिस्टर बर्डेट चढावर धापा टाकतही सांगत होत्या.

"दमलीस का गं?" नोमिनने विचारलं.

"का? तेही सिस्टर बर्डेटना कळवायचंय?"

नोमिन गोरीमोरी झाली. "वर माझ्या शेजारीच बस हं. नक्की."

"न बसून सांगतेय कुणाला! तू सोडतेस कुठे?"

माथ्यावर बोचरा वारा होता. सिस्टर बर्डेटनी पिशवीतून पिवळा रुमाल काढला. "हातात रुमाल येईल तिने आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, काय?"

रुमाल फिरू लागला. "मला ठाऊक आहे, आपलं चर्च खरं आहे," एकेकजण सांगत होती. हा सगळा घाट आपल्यालाच पकडायला घातलाय, टेसाने ओळखलं.

रुमाल नोमिनकडे आला.

"मला ठाऊक नाही," नोमिन म्हणाली. "सिस्टर बर्डेटना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कुणापाशी बोलू नकोस. पण मला खोटं बोलवत नाही हो. माझ्यासारखी अजून एक जरी असेल ना, तरी मी टिकेन."

तिने टेसाकडे पाहिलं आणि रुमाल पुढे केला. दाराशी ती का घुटमळायची, ते टेसाला आत्ता उमगलं. तुझंही असंच आहे का, हे विचारायचा धीर होत नव्हता बिचारीला.

सगळ्या नोमिनकडे टक लावून बघत होत्या. टेसाला आई आठवली.

"मला ठाऊक आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पूर्ण ठाऊक आहे."

उतरताना सिस्टर बर्डेटनी तिचा दंड धरला. "तू आहेस म्हणून बरं बाई. नोमिनवर जरा लक्ष ठेव. काही वेगळं वाटलं तर मला सांगायचं, हं?"

"हो, सांगेन," टेसा म्हणाली. स्वतःची तिला किळस आली, तरी म्हणाली.

नोमिन बरीच खाली गेली होती. ती नजरेआड होऊ नये म्हणून टेसा भराभर उतरू लागली. पावलं ऐकून नोमिनने वळून पाहिलं. ती नजर टेसाच्या चांगल्याच ओळखीची होती. इतके दिवस ती स्वतः नोमिनकडे तशीच बघत आली होती.