न धुतलेला स्वेटर

छातीच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "घरात एकच राहील. कुत्रा, नाहीतर तुमच्या यजमानांचा श्वास." मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, मग पायाशी बसलेल्या ढब्बूकडे. खोटं कशाला बोलू, उत्तर द्यायला मला जरा वेळच लागला.

जनावरांच्या डॉक्टरांनी नवं घर शोधून दिलं. निवृत्त नर्सबाई, एकट्याच राहणाऱ्या. मी खोट काढायच्याच इराद्याने गेले होते. पण खिडक्यांना जाळ्या, दाराला आतून कडी, पाण्याचं भांडं लख्ख. नाव ठेवायला जागाच नव्हती! त्यात आमच्या ढब्बूने जाऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. माझ्यादेखत! माझा नुसता जळफळाट झाला.

"पहिले काही दिवस तुम्ही तोंड दाखवू नका," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या अंगातला एखादा स्वेटर द्या. न धुता, बरं का. तुमचा वास असला की तो रुळेल."

न धुता? माझी लाँड्री आहे. माझ्या हातून मळकं कापड बाहेर गेलेलं कुणी दाखवावं! मी स्वेटर गरम पाण्यात भिजवला, दोनदा खंगाळला, वर इस्त्री करून घडी घालून दिला. मनाला सांगितलं, धंद्याची सवय. पण खरं कारण मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या वासावर त्या बाईने त्याला आपलंसं करायचं, आणि ते मी तिला आयतं नेऊन द्यायचं? का म्हणून?

तिचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "अहो, हा पाणी पितो, पण अन्नाला तोंड लावत नाही. दाराशीच पडून असतो."

"काय सांगता!" मी आवाजात काळजी आणली. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. बस म्हणावं तुझ्या लख्ख भांड्यांना घेऊन! त्या दिवशी मी जेवले ते अगदी दोन वेळा वाढून घेऊन. आमचे हे बघतच राहिले.

मग जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. "वय झालंय त्याचं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर भरती करावं लागेल. मग मात्र मी काही सांगू शकत नाही. स्वेटर न धुताच दिला होतात ना?"

"हो, दिला की," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या हेव्यापायी मुकं जनावर उपाशी मरणार होतं.

दुसरा स्वेटर अंगात चढवला तो रात्रीही काढला नाही. सकाळी तोच घालून इस्त्रीशी उभी राहिले. घामाच्या धारा लागल्या. गिऱ्हाइकं विचारत होती, "बरं नाही का?" दुपारी दुकान बंद केलं, येतेय म्हणून तिला फोन केला आणि तिचं घर गाठलं.

तिने त्याला आतल्या खोलीत ठेवून दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दाराजवळ जमिनीवर चटई, चटईवर तिची उशी. बया त्याच्याशेजारी झोपत होती! मी इतकी वर्षं त्याने चादरीवर पाय ठेवला तरी आरडाओरडा केला.

"हरले मी," ती हळूच म्हणाली. "त्याला तुम्हीच हव्यात. घेऊन जा त्याला."

हेच ऐकायला मी आसुसले होते. ऐकलं, आणि मेलं काही गोड लागेना. न्यायचं कुठे? घरी ह्यांची छाती रात्रंदिवस सूं सूं करत होती.

"पहिला स्वेटर मी धुऊन दिला होता," त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी कुजबुजले. "मुद्दाम. तुमचा हेवा वाटला म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे.

मी अंगातला स्वेटर काढला. ओला, कोंदट, भयंकर. "घाला," तशीच कुजबुजले. तिने हात पुढे केले, मी बाह्या चढवल्या, लेकराला घालतात तशी एकेक गुंडी लावली. "खांद्यात सैल होतोय तुम्हाला. असू दे. आता त्याच्याजवळ नुसत्या बसा. बोलावू नका, तो येईल."

ती आत गेली. मी बाहेर जिन्यात येऊन दार ओढून घेतलं, पण पाय निघेना. बराच वेळ काही नाही. मग शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग धडाधडा. मी घरात शिरले की आपटायचा तशी. मग भांडं सरकलं. मचमच, मचमच.

"अहो, खाल्लं!" ती आतून रडत ओरडली. "ऐकलंत का? खातोय हो तो!"

मला "हो" म्हणायचं होतं. पण माझा आवाज त्याने लगेच ओळखला असता आणि ताट टाकून दाराशी आला असता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ती आतून हाका मारत राहिली, आणि मी ओ न देता जिना उतरले.