बी हिदायाचं ‘अजून नाही’

स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून बी हिदायाने धारेखाली तळहात धरला. धार जोरकस होती. तिने हात झटकला, अंगावर गुंडाळलेल्या कांगेच्या, म्हणजे छापील सुती कापडाच्या टोकाला पुसला आणि दारात उभ्या असलेल्या काइसाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“पाणी चोवीस तास, मामा व्हेन्ला,” ती म्हणाली. आईला ‘मामा’ म्हणून मुलाच्या नावाने हाक मारायची इथली रीत. “जनरेटर नवा. मागे पोहायचा हौद, पुढे झाडाची सावली. आणि शाळेचं फाटक पायी सात मिनिटं. लेक डबा विसरली तर इथून नुसती हाक मारा.”

काइसा आत येऊन सिंकखाली वाकली. ती पाण्याच्या कामांची इंजिनिअर, त्यामुळे कुठल्याही घरात ती आधी पाइप बघायची आणि मग खोल्या.

“पावसात या रस्त्यावर पाणी साचतं?”

“अजून नाही.”

“चोऱ्या होतात?”

“अजून नाही.”

“मागची भिंत थोडी कललेली दिसली. पडली होती का कधी?”

“अजून नाही!” बी हिदायाने अगदी मनापासून सांगितलं.

काइसाने वहीतल्या यादीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. हे आठवं घर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिची नऊ वर्षांची मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसली होती.

“व्हेन्ला, आवडलं?”

“नाही,” व्हेन्ला म्हणाली. गेले आठ दिवस ती एवढंच म्हणत होती.

दार-एस-सलामच्या मसाकी भागात परदेशी कुटुंबांना घरं दाखवणारे दलाल पन्नास तरी असतील. पण बी हिदाया हे काम एकवीस वर्षं करत होती आणि बाहेरचं फाटक बघूनच आत कुठल्या देशाची माणसं रमतील हे तिला सांगता यायचं. कुणाला हौद लागे, कुणाला कुत्र्यापुरती हिरवळ, कुणाला भिंतीपलीकडे आपल्याच भाषेचा शेजार. शाळा मात्र सगळ्यांनाच जवळ हवी. तीन-चार वर्षांनी नोकरीचा करार संपला की ही मंडळी आपलं चंबूगबाळं उचलत. जाताना पोरं हिच्या गळ्यात पडून रडत. पहिल्या नाताळाला शुभेच्छांचा फोन येई, दुसऱ्याला येत नसे. त्याचं आपण काही वाटून घेत नाही असं ती सगळ्यांना सांगे, आणि सांगताना दुसरीकडे बघे.

बाहेर सालेहे आपल्या टॅक्सीला टेकून उभा होता. वीस वर्षं तोच तिला आणि तिच्या गिऱ्हाइकांना फिरवत आला होता, त्यामुळे त्याची जीभ जरा सैल होती. काइसाला फोन आला आणि ती झाडाखाली गेली, तसा तो म्हणाला,

“गेलं ना हेही घर?”

“तुला कसं कळलं?”

“तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. अजून नाही, अजून नाही! बी, त्या बिचारीला वाटतंय भिंत पडायची तारीख ठरलेली आहे, फक्त तुम्ही सांगत नाही.”

“मग काय सांगू? कधीच पडणार नाही म्हणून? भिंत काय माझ्या आजोबांनी बांधलीय?”

“सरळ नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

“जिभेला वळत नाही रे.”

ते खरंच होतं. तिच्या भाषेत असल्या प्रश्नाला उत्तर ‘बादो’, म्हणजे अजून नाही. जेवलात का? बादो. मुलगा कामाला लागला? बादो. लग्न केलंत? सत्तरीचा म्हाताराही बादोच म्हणेल. उद्याचं कुणाला ठाऊक, मग धडधडीत नाही कसं म्हणायचं? बी हिदाया इंग्रजी बोले तेव्हा शब्द तेवढे इंग्रजी असत, बाकी सगळं घरचंच.

काइसा परत आली ती चेहरा पाडून. तिने गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

“बी हिदाया, उद्या दुपारी बारापर्यंत शाळेला कळवायचंय. जागा घेतोय की सोडतोय.”

“घेतोय म्हणून कळवा. घर मिळेल हो.”

“घराचं नाही.” काइसाने आवाज खाली आणला. “महिन्यातले दहा दिवस मी डोडोमाकडे विहिरींवर असणार. हिला सांभाळायला दोन बायका बघितल्या, पण दोघींपुढे हिने तोंडसुद्धा उघडलं नाही. आणि शाळेला या शहरातल्या एका माणसाचं नाव हवंय. मी नसताना हिच्यासाठी धावून येईल असं. माझं इथे कोण आहे? हिचे बाबा वेगळे झाले, त्यांचा दुसरा संसार आहे. तिकडे आमच्या देशात, ओउलूला, माझी आई वाट बघतेय. हिला तिच्याकडे ठेवायचं, तीन वर्षं, आणि सुट्ट्यांत भेटायचं. जवळजवळ तसंच ठरतंय.”

मागच्या सीटवर व्हेन्ला काचेवरचा जुना स्टिकर नखाने खरवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

बी हिदायाने काइसाच्या पाठीवरून हात फिरवला.

“आता मला ऑफिसला जावंच लागणार आहे,” काइसा म्हणाली. “दोन तास व्हेन्लाला तुमच्यापाशी...”

“उतर गं खाली,” बी हिदाया गाडीत वाकून म्हणाली. “चपात्या लाटायच्यात.”

बी हिदायाचं घर मसासानीत होतं. मसाकीच्या उंच भिंती संपतात तिथे कोळ्यांची ही जुनी वस्ती सुरू होते. अरुंद गल्ली, वाळत घातलेली मासळी, दारोदारी गप्पा मारत बसायचे कट्टे. शाळेचं फाटक इथूनही दहा-बारा मिनिटांवरच. पण परदेशी गिऱ्हाइकाला बी हिदायाने या गल्लीच्या तोंडाशीदेखील कधी आणलं नव्हतं. घरं दाखवायची तिकडची, राहायचं इकडे, असा तिचा एकवीस वर्षांचा नेम.

व्हेन्ला ओसरीवर पाय पसरून बसली. बी हिदायाने तिच्यापुढे तेल लावून कापलेल्या कणकेच्या पट्ट्या ठेवल्या आणि त्या चकलीसारख्या कशा गुंडाळायच्या ते दाखवलं. पहिल्या दोन वाकड्या झाल्या. तिसरी जमली. चौथी मुलीने न सांगता उचलली.

पाचवी गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं,

“तुला मुलं आहेत?”

“बादो.”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून नाही.”

व्हेन्लाने तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरच्या सुरकुत्या, ओढणीतून डोकावणारे पांढरे केस.

“तू किती वर्षांची आहेस?”

“छप्पन्न.”

मुलगी हसली नाही. सालेहे हसला असता. लग्नानंतर पंधरा वर्षं हाच प्रश्न बी हिदायाला आत्या, मावश्या, सासू, डॉक्टर सगळ्यांनी विचारला होता, आणि उत्तर ऐकून प्रत्येकाने मान हलवली होती. या भागात मूल झालं की बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. काइसा आली त्या दिवसापासून मामा व्हेन्ला झाली आणि सुरुवातीला दर वेळी मागे वळून बघायची, ही कोण आली म्हणून. बी हिदायाच्या बरोबरीच्या सगळ्या कुणा ना कुणाच्या मामा होत्या. तिला कुणाची मामा म्हणणार? नवरा गेला, केस पिकले, ती बी हिदायाच, म्हणजे नुसती हिदायाबाईच राहिली.

“मग कधी?” व्हेन्लाने विचारलं. ट्रेन कधी येणार असं विचारावं तसं.

“ते मला कुणी सांगितलंच नाही बघ.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही. म्हणून तर मी बादो म्हणते.” तिने तव्यावरची चपाती उलटली. “तू जेवलीस का?”

व्हेन्लाने कणकेचे हात एकमेकांवर चोळले.

“बादो.”

बी हिदाया एवढ्या जोरात हसली की शेजारची मामा कुल्वा भिंतीवरून डोकावून गेली. मग चवळीच्या आमटीबरोबर व्हेन्लाने तीन चपात्या खाल्ल्या. मामा कुल्वाच्या जुळ्या मुली चेंडू घेऊन दारात आल्या, आधी नुसत्याच उभ्या राहिल्या, मग एकीने चेंडू आत फेकला. व्हेन्लाने तो झेलला आणि त्यांच्या मागे बाहेर गेली.

साडेचारला सालेहेने काइसाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. ती वाट विचारत विचारत आली आणि ओसरीसमोर थबकली. तिची लेक अनवाणी, घामाघूम, मातीने माखलेली, दोघी जुळ्यांच्या मधून चेंडू चुकवत ओरडत होती. एवढ्या मोठ्याने ओरडताना काइसाने तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं. ती तिथेच कट्ट्यावर बसली.

“व्हेन्ला,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मघाचं ते घर आवडलं का?”

“बादो.”

“आणि शाळा?”

“बादो,” असं म्हणत व्हेन्ला पुन्हा पळाली.

आठ दिवसांचं ‘नाही’ आज ‘अजून नाही’वर आलं होतं. काइसाने बी हिदायाकडे पाहिलं. बी हिदायाने खांदे उडवले, जणू या भानगडीशी आपला काही संबंध नाही. काइसाने पिशवीतून शाळेचा फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला, पेन उघडलं आणि बंद केलं.

“विचारायला नको, पण विचारते. मी शहरात नसेन तेव्हा... तुमचं नाव घालू का? फक्त नाव. शाळेला लागतं म्हणून.”

“नाव कसं नुसतं घालता येईल?” बी हिदाया म्हणाली. “नाव घातलं तर मी जाणार. पोरीला ताप आला तर जाणार, आणि नाही आला तरी जाणार.”

काइसाने मान खाली घालून नाव लिहिलं. फोन नंबर लिहिला. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“इथे नातं विचारलंय.”

“लिहा ना, शेजारीण,” बी हिदाया पटकन बोलून गेली.

“पण मसाकीत घर घेतलं तर तुम्ही शेजारीण कशा?”

बी हिदायाने कांगेची गाठ सोडली, पुन्हा बांधली. गल्लीत बकऱ्या होत्या, समोरच्या दोरीवर कुणाच्या तरी चड्ड्या वाळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एक घर दाखवायची लाज वाटत होती.

“हे डावीकडचं कुलूप दिसतंय ना, ते घर रिकामं आहे. तिथले मास्तर बदली होऊन टांगा नावाच्या गावी गेले, किल्ली माझ्याकडे आहे. तुम्हाला दाखवलं नाही.”

“का नाही?”

“आमच्या गल्लीत परदेशी माणूस कधी राहिलेला नाही. हौद नाही. जनरेटर नाही. दोनच खोल्या. पहाटे मासळीचा बाजार उठतो, कोंबडे ओरडतात, आणि मामा कुल्वा कोंबड्यांच्याही आधी ओरडते. स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. पावसात दारापर्यंत पाणी येतं, दर वर्षी येतं. आणि नळाला दिवसाआड पाणी.”

एकवीस वर्षांत तिने कुठल्याही घराचे एवढे दोष एका दमात सांगितले नव्हते. काइसा ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं.

“पाण्याचं मी बघेन,” ती म्हणाली. “किल्ली आणा.”

कुलूप गंजलेलं होतं, तीन वेळा किल्ली फिरवावी लागली. आत चुन्याचा आणि बंद राहिलेल्या जागेचा वास होता. काइसाने सवयीने सिंकखाली वाकून पाइप पाहिले, जीभ टाळ्याला लावून चुकचुक आवाज केला, आणि मग कधी नव्हे ती खोल्या बघायला गेली. दुसऱ्या खोलीची खिडकी बी हिदायाच्या ओसरीवर उघडत होती. व्हेन्ला आली, खिडकीच्या कट्ट्यावर चढली, पलीकडे उडी मारून ओसरीवर उतरली आणि दारातून वळसा घालून पुन्हा आत आली. मग परत चढली.

“अगं, पडशील!” बी हिदाया ओरडली.

या गलबल्याने मामा कुल्वा हातातलं भांडं तसंच घेऊन दारापर्यंत आली. तिने काइसाला आपादमस्तक न्याहाळलं, गंजलेलं कुलूप पाहिलं, खिडकीत लटकणारी पोर पाहिली.

“काय गं हिदाया, आता आमच्या गल्लीतही गिऱ्हाइकं आणायला लागलीस? आणि ही वानरीण कुणाची?”

“आमची आहे,” बी हिदाया म्हणाली. “सोमवारी शाळा सुरू होतेय तिची. तुझ्या कोंबड्यांना सांगून ठेव, जरा उशिरा ओरडा म्हणावं.”

मामा कुल्वाने भांडं खाली ठेवलं. मुलीसाठी दोन केळी आणते म्हणून ती घरी गेली.

इथल्या भाषेच्या वर्गात काइसाला शिकवलेले शब्द मोजकेच होते, पण ‘आमची’ हा त्यांतला एक होता. तिने भिंतीला पाठ टेकून फॉर्म पुन्हा गुडघ्यावर घेतला. बी हिदाया खिडकीखाली दोन्ही हात पसरून उभी होती, कारण व्हेन्ला आता उलटी उतरत होती. काइसाने नात्याच्या रकान्यात ‘आजी’ लिहिलं आणि बाहेर थांबलेल्या सालेहेला फोन करून सांगितलं, हॉटेलवरून बॅगा घेऊन यायच्या आहेत.